आधी गाडी सोडायची

बैल गाडीला जुंपणं आणि घोडा टांग्याला जोडणं ही दोन कामं लांबून सारखीच दिसतात, पण ती सारखी नाहीत. बैल मान देतो. जू उचलून धरलं की चांगला शिकलेला बैल आपण होऊन खाली शिरतो, शिवळ बसवून जुपणी बांधेपर्यंत उभा राहतो. वेसण धरायचीही गरज पडत नाही. गाडी मागे आहे, तिच्यावर कापसाचं बोंद्रं आहे, मालक धुरेवर बसलाय, हे सगळं त्याला दिसत असतं. तरी तो चालतो. घोड्याचं तसं नाही. घोड्यापासून काहीतरी लपवून ठेवावं लागतं, तेव्हा कुठे तो टांगा ओढतो. काय लपवायचं, किती वेळ, आणि लपवणाऱ्याच्या अंगावर त्याची काय जबाबदारी येते, हा प्रश्न मला आयुष्यात पुढे एकदा टांग्याबिंग्याशी काही संबंध नसताना पडला. तेव्हा पुस्तकांपेक्षा आमच्या चाचांचं बोलणं जास्त कामी आलं. ते सांगायचं आहे.

चाचा अमळनेर स्टेशनावरून आमच्या गावापर्यंत टांगा चालवायचे. सुरत-भुसावळ लाइनीची पॅसेंजर आली की आठ-दहा टांगे स्टेशनाबाहेर उभे असत. त्यांत चाचांचा टांगा ओळखायची खूण म्हणजे त्यांचा घोडा कधीच उघड्या तोंडी दिसायचा नाही. दांड्यांत उभा असला की डोक्यावर लगामाचा पूर्ण साज, दोन्ही डोळ्यांच्या बाजूला कातड्याची झापडं. मग टांगा पाच मिनिटं उभा असो की तासभर. इतर टांगेवाले हसायचे. म्हणायचे, म्हातारा घोड्याला नवरीसारखा झाकून ठेवतो.

आम्ही पोरं सकाळी त्यांच्या अंगणात जायचो, कारण जोडणी बघण्यासारखी असायची. आधी खरारा. मग चारी खूर उचलून नाल आणि खिळे बघायचे. मग पाठीवरून, छातीवरून हात फिरवायचा, कुठे चट्टा पडलाय का, कातडं सोलवटलंय का. चट्टा सापडला तर त्या दिवशी टांगा बंद. (घरात चाची बडबड करायची, पण टांगा बंद म्हणजे बंद.) मग छोटं खोगीर, पोटाखालून तंग, शेपटीखालून दुमची, छातीचा पट्टा, आणि शेवटी डोक्याचा साज. म्हणजे लगाम, झापडं, आणि रास. रास पाठीवर टाकून ठेवायची, पण हाताच्या टप्प्यात.

एवढं झालं तरी टांगा अजून लांबच. टांग्याला घोडा लावायचा नाही, घोड्याला टांगा लावायचा, हा चाचांचा पहिला नियम. घोड्याला मागे रेटत दांड्यांत घुसवायला गेलं की तो बिचकतो, कारण मागे काय आहे ते त्याला कळत नाही आणि दांडी मांडीला लागते. म्हणून घोडा मोकळ्या जागी, तोंड मोकळ्या वाटेकडे करून उभा करायचा. एकाने त्याच्या तोंडाशी थांबायचं. दुसऱ्याने दांड्या वर उचलून टांगा मागून हळूच त्याच्यावर आणायचा, आणि आणताना तोंडाने बोलत राहायचं. काय बोलायचं त्याला महत्त्व नाही. चाचा बहुतेक बाजारभाव बोलायचे. दांड्या खोगिराच्या कड्यांत बसल्या की ओढीचे पट्टे पहिले लावायचे. मग मांड्यांमागून येणारा पट्टा. मग पोटाखालचा, म्हणजे मागे माणसं बसून टांगा उलाळ झाला तरी दांड्या आभाळाकडे जाणार नाहीत. सगळं लागल्यावर चाचा रास हातात घेऊन चढायचे, आणि मगच उतारू. त्यांच्या हातात रास नसताना कुणी पायरीवर पाय ठेवला तर पाहुणा असो की पाटील, खाली उतरवायचे.

मांड्यांमागचा तो पट्टा मला फार दिवस बिनकामाचा वाटायचा. ओढायला छाती, मग मागचा पट्टा कशाला? तो थांबण्यासाठी. टांग्याला ब्रेक नसतो. उतारावर टांगा घोड्याच्या अंगावर येतो, तेव्हा घोडा पुठ्ठ्यांनी तो तोलून धरतो. जळगावचा रामाचा रथ ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. कार्तिकी एकादशीला रथ ओढायला सगळं गाव धावतं, पण खरं काम चाकाखाली मोगरी लावणाऱ्यांचं असतं. ओढणाऱ्यांची नावं कुणी विचारत नाही ते ठीक, कारण ते हजार असतात. मोगरीवाल्यांना मात्र माणसं ओळखून असतात.

सोडताना सगळं उलट्या क्रमाने. उतारू आधी उतरवायचे, मग रास हातात ठेवूनच स्वतः उतरायचं, पोटाचा पट्टा, मांड्यांमागचा पट्टा, आणि सगळ्यात शेवटी ओढीचे पट्टे. मग टांगा मागे ढकलून घोड्यापासून पार वेगळा करायचा. आणि तो लांब गेल्यावरच झापडं काढायची. हे ते आम्हाला इतक्यांदा सांगायचे की आम्ही शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणायचो, "पयले गाडी सोडो, मंग डोया."

कारण साधं आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळं भोवताल दिसतं, फक्त कपाळासमोरची थोडी जागा आणि शेपटीच्या सरळ मागची पट्टी सोडून. त्याला शिंगं नाहीत, वाघासारखी नखं नाहीत. पळणं हेच त्याचं हत्यार. मागे काही हलताना दिसलं की आधी पळायचं, विचार नंतर, आणि टांग्याचं चाक तर सतत मागे हलत असतं. चाचा म्हणायचे, "मांगे चाक फिरस, त्याले वाटस वाघ लागना." आणि या वाघाची गंमत अशी की घोडा जितका जोरात पळेल तितकाच तोही जोरात पळतो. तो कधी मागे पडतच नाही.

वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा भरते. बोरी नदीच्या कोरड्या पात्रात दुकानं लागतात, पाळणे येतात. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. दुपारची वेळ होती, चाचा नमाजाला गेले होते आणि टांग्यापाशी त्यांचा भाचा होता. वीस-बावीसचा, मायाळू पोरगा. घोडा उन्हात उभा होता, तोंडाला फेस आला होता, लगामाची कडी दातांत वाजत होती. त्या पोराने बादलीभर पाणी आणलं. कडी तोंडात असताना घोड्याला नीट पिता येईना, म्हणून त्याने कानामागचा पट्टा सोडून डोक्याचा साजच काढून घेतला. घोडा दांड्यांतच होता. घोड्याने पाण्यात तोंड घातलं, दोन घोट घेतले, आणि मग मान वळवली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बादली उडाली. पोरगा साज हातात धरून जागच्या जागी उभा. रिकामा टांगा वाळूतून असा गेला की चाकं टेकत होती की नाही कळेना. गुळाच्या शेवेचं एक दुकान गेलं. एका कासारणीच्या पायावरून चाक गेलं आणि पंजाची हाडं मोडली. शेवटी टांगा एका खड्ड्यात आडवा झाला तेव्हा घोडा थांबला. मागच्या पायाची शीर दांडीला लागून कापली गेली होती. लोक काठ्या घेऊन धावले, घोडा माजलाय म्हणून. चाचा तेवढ्यात आले. घोड्याच्या डोळ्यांवर आपला गमछा टाकला, आणि काठीवाल्यांना म्हणाले, "मारू नका त्याले. त्यानी जे देखं ते खोटं नव्हतं."

त्या कासारणीच्या दवाखान्याचा खर्च चाचांनी वर्षभर फेडला. घोडा दोन महिने बसून होता. भाच्यावर ते ओरडले नाहीत, पण त्याला टांगाही पुन्हा दिला नाही. त्या पोराचं काय चुकलं, यावर आमच्या ओट्यावर पुष्कळ चर्चा व्हायची. त्याने दया केली, हे सगळ्यांना मान्य होतं. आमचे आबा म्हणायचे की दयेलाही जोडणी-सोडणीचा क्रम असतो, तो त्याला ठाऊक नव्हता. मला आबांचं पटायचं, पण पूर्ण नाही. माझ्या डोक्यात चाचांचंच वाक्य अडकून बसलं होतं. घोड्याने पाहिलं ते खोटं नव्हतं. मागे खरंच काहीतरी होतं, त्याला बांधलेलं होतं, आणि ते रोज असायचं. मग खोटं काय होतं? रोज झापडं लावून त्याला जे दाखवलं जायचं, म्हणजे समोरचा रस्ता आणि बाकी काही नाही, ते?

आमच्याकडे सप्ताहात एक कीर्तनकार कठोपनिषदातला रथ फार रंगवून सांगायचे. शरीर हा रथ, आत्मा हा आत बसलेला धनी, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम आणि इंद्रियं म्हणजे घोडे. चाचा मंडपाबाहेर बाभळीखाली बसून ऐकायचे. एकदा कीर्तन सुटल्यावर मी त्यांना विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "चांगलं शे. पन त्या रथनी दुमची कोनी बांधी?" तेव्हा मी हसलो होतो. नंतर वाटलं, प्रश्न चांगला आहे. त्या रूपकात घोडे आवरायचं सांगितलंय, घोडे कसे जोडायचे ते नाही. प्रतापशेठांनी १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं, त्या गावात असे प्रश्न विचारायला जागेची काही कमी नव्हती. पण चाचा तिकडे फक्त उतारू घेऊन जायचे.

झापड हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. डोळ्यांवर झापडं बांधलेला म्हणजे ज्याला आजूबाजूचं काही दिसत नाही असा मूर्ख. घाण्याच्या बैलाचंही तसंच. तेल्याच्या घाण्याला फिरणाऱ्या बैलाचे डोळे पूर्ण बांधतात. गोल गोल फिरून भोवळ येऊ नये म्हणून, असं सांगतात. आणि दुसरंही एक कारण आहे, की मालक उठून गेला तरी त्याला कळू नये. या दोन झाकण्यांत मला मोठा फरक वाटतो. घाण्याच्या बैलाचे डोळे बांधले म्हणजे मालकाला जाता येतं. टांग्याच्या घोड्याला झापडं लावली म्हणजे मालकाला जाता येत नाही. ज्या बाजूंचं घोड्याला दिसत नाही, त्या बाजूंचं बघायचं काम आता मालकाचं. रास हातात हवी, तोंडाने बोलत राहायला हवं. चाचा नमाजाला जाताना माणूस ठेवून जायचे ते याचसाठी, आणि नेमका तोच दिवस नडला.

सरकारनेही या जनावरांचा विचार केलेला आहे, ते खोटं नाही. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आहे, आणि ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसात ९ तासांहून जास्त काम नको, सलग ५ तासांहून जास्त नको, पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. काटेरी लगाम वापरायचा नाही. काम संपल्यावर जनावर जोडलेलं ठेवायचं नाही. आमच्या खान्देशात चैत्र-वैशाखात पारा ४३-४४ ला सहज जातो, तेव्हा तो दुपारचा नियम पाळला असता तर आखाजीच्या सुमाराला अर्धी लग्नं खोळंबली असती. तरी नियम बरोबरच आहे. मुंबईत २०१५ साली उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बंद करायला सांगितल्या. आमच्याकडे टांगा बंद करायला कोर्ट लागलं नाही. काळीपिवळी आली, रिक्षा आल्या आणि टांगा आपला आपण गेला. आता घोडा बघायचा तर दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात, नाहीतर लग्नाच्या वरातीत. वरातीतल्या घोड्याला डोळ्यांवर झालर लावतात आणि कानाशी डीजे लावतात. डोळे झाकायची अक्कल राहिली, कानांची गेली.

आता तो दुसरा प्रश्न. माझी मोठी चुलती, आम्ही तिला मोठमाय म्हणायचो, तिला पोटाचा कॅन्सर निघाला. जळगावला तपासणी झाली, डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं. चार-सहा महिने. तिला सांगायचं की नाही यावरून घरात दोन तट पडले. गावातला थोरला भाऊ म्हणे, शब्दही काढायचा नाही, ती जागेवरच खचेल. पुण्याचा भाऊ म्हणे, शरीर तिचं आहे, आपण कोण लपवणारे? दोघेही तिचे पोटचे, दोघेही रडून बोलत होते. मी पुतण्या, मला मत द्यायचा हक्क किती हा प्रश्नच होता, पण दोघांनीही मलाच विचारलं.

मला चाचांचा पाढा आठवला. मोठमाय मोकळी नव्हती. तिच्यामागे एक गाडी बांधलेली होती. विधवा होऊन माघारी आलेली धाकटी ताई, जिच्या नावावर कुडाची भिंतही नव्हती. सोसायटीचं कर्ज मोठमायच्या नावावर. केळीच्या बागेतला तिचा वाटा, ज्याच्यावर दोन्ही सुनांचा डोळा. ही ओझी तशीच ठेवून तिच्या डोळ्यांवरचं काढलं, तर ती मान वळवून पाहील ते एकदम सगळंच पाहील. म्हणून मी म्हणालो, आधी गाडी सोडू. कर्ज भरू, ताईच्या नावावर घर लावू, मग सांगू. थोरल्याला पटलं. पुण्याचा गप्प बसला, ते पटलं म्हणून नव्हे.

आणि इथेच घोड्याचं उदाहरण तोकडं पडलं. घोड्याला न विचारता टांगा सोडता येतो. मोठमायची गाडी तिच्या सहीशिवाय सुटणार नव्हती. ग्रामपंचायतीचा कागद घेऊन थोरला तिच्यासमोर बसला तेव्हा तिने चष्मा मागितला, कागद उलटासुलटा केला आणि विचारलं, "मनी सही आत्तेच कशाले?" धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा म्हणतात, आणि अश्वत्थाम्याचं ते अर्धवट वाक्य तोंडातून गेलं तसा तो खाली टेकला. आमच्या थोरल्याच्या तोंडाकडे बघून मला तो रथ टेकताना दिसला. तो म्हणाला, असंच, नियम बदलले आहेत. तिने सही केली नाही. कागद उशीखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या भावाने तिला सगळं सांगितलं. आम्ही सगळे खोलीत होतो. ती खचली नाही, आणि शूरपणाही दाखवला नाही. थोडी रडली, पाणी मागितलं. मग म्हणाली, वकिलाला बोलवा, पंचायतीच्या कागदावर भागायचं नाही, ताईचं घर पक्कं करून घ्या. सोसायटीचे पैसे केळी गेल्यावर भरा, आत्ता व्याजाने काढू नका. आम्ही जे काम पंधरा दिवसांत लपूनछपून करणार होतो ते तिने अर्ध्या तासात वाटून दिलं. ती पाच महिने जगली.

पुण्याचा भाऊ अजून मला ऐकवतो. म्हणतो, तुझा घोडा ठीक आहे, पण ज्या जनावराला सही करता येते त्याला झापड लावायची नसते. मी म्हणतो, आणि सही करता येत नाही त्याचं काय? रोजंदारीवरच्या माणसाचं, परीक्षेच्या आदल्या दिवशी बाप गेलेल्या पोराचं? पेपर होईपर्यंत त्याला सांगत नाहीत, आणि पुष्कळदा तो पोरगा आयुष्यभर त्याबद्दल माफ करत नाही, पुष्कळदा करतो. काही वेळ झाकावं लागतं, असं मी अजूनही मानतो. तो मानत नाही. त्याच्या बाजूने एक मुद्दा मात्र मीच त्याला दिला आहे, तो असा की झापडं फक्त डोळ्यांना असतात. चाकाचा आवाज घोड्याला सबंध वाटभर ऐकू येत असतो, ओझं छातीला लागत असतं. मागे काहीतरी आहे हे त्याला माहीत असतंच. आपण फक्त त्याचं तोंड त्याला बघू देत नाही.

मोठमायलाही माहीत होतं. ते आम्हाला शेवटी शेवटी कळलं. जळगावहून आल्यापासून तिला सांगेपर्यंत बारा दिवस गेले होते, आणि त्या बारा दिवसांत आम्ही कुणी तिला रात्री एकटं ठेवलं नव्हतं. पाळ्या लावल्या होत्या. मी एकदा तिला विचारलं, तुला आधीच शंका आली होती का, डॉक्टरांचं बोलणं ऐकलं होतंस का? म्हणाली, "डाक्टरनं काय ऐकनार बाप्पा. रोज रातले कोनी ना कोनी मना उशाजोडे निजे. चाळीस वरीस या घरमा कोनी निजनं नव्हतं. तवयच माले समजनं."